भिंतीच्या पोटात

भिंतींना कान असतात, असं आपले पूर्वज सांगून गेले. पण पूर्वजांच्या भिंती मातीच्या होत्या, आणि त्यांत लपवण्यासारखं असलंच तर फार तर मोहरांचा हंडा असायचा. डोंबिवलीतल्या भिंतींना कान तर आहेतच (शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे आमच्या इमारतीत कुणीही बिनचूक सांगेल), पण शिवाय त्यांना पोटही आहे. त्या पोटात काय काय गेलंय, हे बांधणाऱ्या बिल्डरलाही आठवत नसतं. एक साधा खिळा ठोकायला घ्या. इथे ठोकला तर पाण्याचा पाइप, तिथे ठोकला तर विजेची वायर, आणि दोन्ही चुकवावं तर सिमेंटचा खांब! आमच्या घरात माझ्या आजोबांचा फोटो न्हाणीघराच्या दारावर लावलेला आहे. पाहुण्यांना वाटतं, काही कौटुंबिक राग असेल. तसं काही नाही. खिळा तिथेच गेला.

वायरिंगच्या बाबतीत माणसांच्या दोन जाती आहेत : उघडे आणि झाकलेले. कल्याणला पारनाक्याजवळ माझ्या मेव्हण्याचं जुनं घर आहे, तो उघड्यांतला. त्याच्याकडे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेल्या वायरी भिंतीभर अशा फिरतात की आंब्याच्या झाडावर चढणाऱ्या मुंग्यांची आठवण व्हावी. "आमच्याकडे लपवाछपवी नाही," असं तो अभिमानाने म्हणतो. काही बिघडलं की तो बोट फिरवत फिरवत बिघाडापर्यंत जातो. आम्ही पडलो झाकलेले, म्हणजे 'कन्सील्ड'. आमच्याकडे काही बिघडलं की आधी एक्स-रे काढावा लागेल.

पण टीव्हीची तार काही पहिल्यापासून भिंतीत नव्हती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. केंद्र वरळीला, आम्ही टिळकनगरात, आणि मध्ये आडवे मुंब्र्याचे डोंगर. त्यामुळे मुंबईकरांना जे चित्र दिसायचं ते आम्हांला बर्फ पडत असल्यासारखं दिसायचं. त्या काळी टीव्ही बघायला चार माणसं लागत. एक गच्चीवर अँटेना फिरवणारा, एक जिन्यात, एक खिडकीत, आणि एक प्रत्यक्ष टीव्हीसमोर. "आलं का?" हा प्रश्न वरून खाली यायचा आणि "आलं! आलं! ... गेलं!" हे उत्तर खालून वर जायचं. अँटेनापासून खिडकीपर्यंत एक चपटी, फितीसारखी वायर लोंबायची. छायागीत ऐन रंगात आलं की एक कावळा त्या अँटेनावर येऊन बसे. त्याला संगीताची आवड असावी.

पुढे जानेवारी १९९१ मध्ये बगदादवर बॉम्ब पडले आणि डोंबिवलीत केबल आली. हा कार्यकारणभाव इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. पण आखाती युद्ध घरात बसून बघायचं, एवढ्यासाठी आमच्या गल्लीत छत्र्या उभ्या राहिल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय. १९९२ साली झी आलं आणि मग विचारूच नका. इमारतीवरून इमारतीवर, इमारतीवरून नारळावर, नारळावरून विजेच्या खांबावर अशा काळ्या वायरी पसरल्या. या साम्राज्याचा सम्राट म्हणजे आमचा केबलवाला. वय वर्षं वीस, पायांत स्लिपर, कमरेला पकड. दर महिन्याच्या पाच तारखेला तो पैसे न्यायला यायचा, आणि सहा तारखेला चित्र गेलं की पाच तारखेला घरात कोण नव्हतं हे गल्लीला कळायचं. एका घरात दोन टीव्ही असतील तर दुसऱ्या पॉइंटचे जादा पैसे. त्या बाबतीत त्याची नजर इन्कमटॅक्सवाल्यांनी शिकवणीला यावं अशी.

२००४ साली आम्ही मानपाडा रोडच्या बाजूला हा फ्लॅट घेतला. बिल्डरच्या माहितीपत्रकात सोनेरी अक्षरांत छापलं होतं : 'प्रत्येक खोलीत टीव्ही पॉइंट'. हॉलमध्ये एक, दोन्ही बेडरूममध्ये एकेक आणि चौथा चक्क स्वयंपाकघरात! प्रत्येक पॉइंटपासून भिंतीतल्या पाइपातून एक केबल निघून मुख्य दाराच्या वर एका पत्र्याच्या पेटीत येत होती. मी भारावून गेलो. सौभाग्यवतींनी मात्र ताबा घेतला त्याच दिवशी निकाल दिला, "एका घरात एकच टीव्ही. चार टीव्ही म्हणजे चार चुली."

झालं. हॉलमधला पॉइंट सोडून उरलेले तिन्ही जन्मतःच निवृत्त झाले. दर रंगकामाला रंगारी त्यांच्यावरूनही एक हात फिरवून जाई. त्यामुळे मागच्या बेडरूममधला पॉइंट हळूहळू भिंतीवरच्या तिळासारखा दिसायला लागला. मग पलंग सरकला, कपाट आलं आणि तोही दिसेनासा झाला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळी कचेरी घरात आली. चिरंजीवांचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं. ते आणि सूनबाई, दोघंही कॉम्प्युटरवर काम करणारे. इंटरनेटचं यंत्र हॉलमध्ये, दाराशी. तिथून मागच्या बेडरूमकडे जाताना वाटेत एक सिमेंटचा खांब, न्हाणीघराच्या फरश्या आणि आमचं लोखंडी कपाट. बिनतारी लहरींनी यांतल्या एकेकाशी झुंज दिली असती. तिघांपुढे त्यांनी हात टेकले. मोबाइल आरतीच्या तबकासारखा हातात धरून मी घरभर फिरलो आहे. हॉलमध्ये चार काड्या, स्वयंपाकघरात दोन, बेडरूमच्या उंबऱ्यावर एक, आणि उंबऱ्याच्या आत अंधार. मध्ये एक लहरी वाढवणारं यंत्रही आणून लावलं. पण ते पडलं निरोप्या. त्यालाच जे अर्धवट ऐकू येई, ते तो पुढे मोठ्यांदा सांगे.

चिरंजीवांनी हॉल बळकावला. सूनबाईंचं ऑफिस थाटलं गेलं स्वयंपाकघरात, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर यांच्या मधोमध. तिचे साहेब सातासमुद्रापार. एकदा त्यांनी मोठ्या काळजीने विचारलं, "तुमच्याकडे दर सकाळी तीन वेळा धोक्याचा भोंगा होतो, तुम्ही सुरक्षित आहात ना?" तो डाळीचा कुकर होता. आमच्या सौ.नी अडीच वर्षं खोबरं खवताना आवाज होऊ दिला नाही, भांडी बाळाला न्हाऊ घालावं तशी घासली. त्या बदल्यात तिलाही थोडी कार्यालयीन भाषा आली. खालून ओरडणाऱ्या भाजीवाल्याचं ऐकू येईना, तेव्हा तिने खिडकीतून सांगितलं, "अहो, तुम्ही म्यूटवर आहात!"

टाळेबंदी उठली, पण आठवड्याचे तीन दिवस घरून काम हे राहिलंच. २०२२ सालच्या एका रविवारी पोह्यांच्या बश्या हातात असताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, आम्ही ठाण्याला एक फ्लॅट बघून आलोय. घोडबंदर रोडला."

"का रे?"

"इथे मागच्या खोलीत नेट येत नाही ना."

घरं फुटण्याची कारणं मी आयुष्यभर ऐकत आलो. वाटणीवरून फुटतात, दागिन्यांवरून फुटतात, एका लोणच्याच्या बरणीवरून फुटलेलं घर मला माहीत आहे. पण नेट येत नाही म्हणून? ठाणं काही परदेश नव्हे, लोकलने अवघे १५ किलोमीटर. मात्र गोखले रोडवर खरेदीला जाणं वेगळं आणि ठाण्याचं होणं वेगळं. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त त्याच्या बशीत आणखी एक डाव पोहे वाढले. भांडणाऱ्या बायकोला नवरा उत्तर देऊ शकतो. पोहे वाढणाऱ्या आईला काय उत्तर द्यायचं, हे बिचाऱ्याला कळेना. तो मुकाट्याने खात राहिला.

नेट हे खरं कारण होतं की सांगण्यापुरतं, हे मी विचारलं नाही. काही प्रश्नांना उत्तर मिळण्याची भीती असते. मी म्हटलं, सांगितलेलं कारण तरी आपण दूर करू.

दुसऱ्याच दिवशी लोखंडी कपाट सरकवलं आणि मागे तो तीळ सापडला. वरचा रंग खरवडला. आत पितळी नाक जसंच्या तसं! मी केबलवाल्याला बोलावलं. हा तोच, नारळावर चढणारा. आता पन्नाशीचा आहे, पोट सुटलंय, आणि केबलबरोबर इंटरनेटही विकतो. काचेच्या केसाएवढ्या तारा जोडायचं यंत्र खांद्याला लावून फिरतो. त्याने पॉइंटकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, ही मेली. आता फायबरचा जमाना. भिंतीवरून नवीन वायर मारून देतो, पांढरी पट्टी लावून."

"भिंतीवरून?" आतून सौ.चा आवाज आला. रंग दिवाळीतच झाला होता.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उतरले. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आमच्या इमारतीत कुणीही वायरीला हात लावला की यांना वर झिणझिण्या येतात. त्यांनी चष्मा वर करून पॉइंट बघितला.

"मेली काय मेली? झोपलीय! अरे, हिच्या जातीवरच नेटवर्क जन्माला आलं. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत मेटकाफ नावाच्या माणसाने इथरनेट काढलं, ते कशावर चालायचं? असल्याच गोल केबलवर!"

मग त्यांनी जमिनीवर बसून केबल कशी असते ते समजावलं. मधोमध एक तांब्याची तार. तिच्याभोवती पांढरा फेस गोठवल्यासारखं प्लॅस्टिक. त्यावर चांदीसारखी वर्खाची गुंडाळी, त्यावर जाळी, आणि सगळ्यांवर काळं कातडं. बाहेर कितीही गोंगाट असो, तो जाळीत अडकतो; मधल्या तारेला पत्ता लागत नाही. मला हे चटकन पटलं. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मधोमध उभा राहिलेला डोंबिवलीकर असाच असतो. चारी बाजूंनी दाबलेला, पाय जमिनीला लागलेत की नाहीत याची खात्री नाही, पण दारातल्या भांडणाचा एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि तो बरोबर व्हीटीला उतरतो.

"आणि ही हल्लीची नेटवर्कची वायर?"

"ती वेगळ्या तत्त्वाची. आठ तारा, दोन दोन अशा जोडीने पीळ घातलेल्या. कल्पना बेलसाहेबाची, १८८१ सालची. बाहेरचा त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि शेवटी एकातून दुसरा वजा केला की उरतो शून्य."

हेही पटलं. आमच्या लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली.

आता दोन मार्ग निघाले. एक म्हणजे, जुनी केबल तिथेच ठेवून दोन्ही टोकांना एकेक डबी लावायची. या डब्या नेटचं बोलणं टीव्हीच्या वरच्या पट्टीत, म्हणजे अकराशे मेगाहर्ट्‌झच्या पुढे, चढवून केबलमधून पाठवतात. त्यामुळे त्याच तारेवर खालच्या पट्टीत केबलचा टीव्ही आणि वरच्या पट्टीत नेट, एकमेकांना धक्का न लावता नांदू शकतात. (गच्चीवरच्या छत्रीचा टीव्ही मात्र चालत नाही, तो नेमका त्याच वरच्या पट्टीत गातो.) दुसरा मार्ग म्हणजे जुन्या केबलचाच दोर करायचा. तिच्या शेपटाला नवी वायर बांधायची आणि दुसऱ्या टोकाने ओढायची. जुनी बाहेर, नवी आत.

डब्यांच्या मार्गाचं नाव निघालं 'मोका'. इंग्रजी आद्याक्षरांचं ते नाव. पण महाराष्ट्रात १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायदा झाला, त्यालाही लोक 'मोक्का'च म्हणतात. चिरंजीव फोनवर मित्राला सांगत होते, "हो रे, मागच्या खोलीसाठी मोका लावायचा म्हणतायत बाबा." पलीकडच्या ब्लॉकमधल्या मावशींनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत दोन बायका सौ.ला धीर द्यायला येऊन गेल्या. एकीने वकिलाचं नावसुद्धा सुचवलं.

डब्या विचारायला मी जुन्या सवयीने लॅमिंग्टन रोडला गेलो. त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण रेडिओची व्हॉल्व्ह शोधत तिथे हिंडलेल्या माणसाच्या तोंडी ते बसत नाही. पाच दुकानदारांपैकी चौघांनी "ऐसा कुछ आता नहीं" म्हणून सांगितलं आणि पाचव्याने परदेशातून मागवायचा भाव सांगितला. जोडीची किंमत पाच आकडी! मी उसाचा रस न पिताच परत फिरलो.

म्हणून आधी ओढायचं ठरलं. वायरमन आला, पत्र्याची पेटी उघडली. आत अठरा वर्षांची धूळ आणि एका पालीचा संसार. मधल्या बेडरूमची केबल त्याने आधी घेतली. नव्या वायरीचं टोक जुनीच्या टोकाला बांधून वर निमुळती टेप गुंडाळली, सौ.ची टाल्कम पावडर पाइपात फुंकली आणि हाक दिली, "ओढा!" पेटीकडे चिरंजीव ओढतायत, खोलीत मी वायर सोडतोय, दारात टेलिफोनवाले "झटका नको, झटका नको" करतायत. पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा घरात तेच सुरू झालं : "आलं का?" "आलं! आलं! ... अडलं!" शेवटी काळी केबल संपली आणि पेटीत पावडर माखलेलं निळं टोक डोकावलं. बारश्याला पेढे वाटावेत असा आनंद झाला.

मग मागच्या खोलीची पाळी. ती काही हलेना. दोघांनी ओढली, तिघांनी ओढली. वायरमनने भिंतीवर टिचक्या मारत सांगितलं, "स्वयंपाकघराच्या मागे पाइपाच्या सांध्यातून सिमेंटचं पाणी आत गेलंय. केबल तिथे चिणली गेलीय, अनारकलीसारखी." त्याने एका टोकाला दोन्ही तारा जोडून दुसऱ्या टोकाला मीटर लावला. मीटरने 'पीं' केलं. केबल जिवंत होती, फक्त जागा सोडत नव्हती.

सगळे गप्प झाले. नेमकी तीच खोली. चिरंजीव म्हणाले, "जाऊ द्या बाबा. आता कुठे एवढा खर्च, आणि तोही..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. 'आम्ही जाणारच आहोत तर,' एवढंच राहिलं होतं.

सौ. पदराला हात पुसत बाहेर आली. किंमत तिला माहीत होती. ती मला म्हणाली, "मागवा."

अठ्ठावीस रुपये किलोची भेंडी सव्वीसला मागणारी बाई! मी मागवली.

डब्या यायला तीन आठवडे लागले. मधल्या खोलीच्या वायरीला टोकं लावायची राहिली होती, ती या वेळात सूनबाईने लावली. आठ रंगीत तारांचा एक ठरलेला क्रम असतो. सासूबाईंनी टॉर्च धरला आणि सूनबाई क्रम म्हणत होती : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला सौ.ही तिच्या मागून म्हणायला लागली. दिवेलागणीची वेळ होती; बाहेरून ऐकणाऱ्याला शुभंकरोती चाललंय असंच वाटलं असेल. एकदा सूनबाईने हिरव्याआधी निळा घ्यायचा विसर पडून हात पुढे केला, तर सौ.नी तिच्या हातावर हलकेच टॉर्च मारला.

डब्या आल्या, बसल्या, हिरवे दिवे लागले. मागच्या खोलीत, खांब, फरश्या आणि लोखंडी कपाट यांच्या नाकावर टिच्चून, नेट धो धो वाहू लागलं. सूनबाईंचं ऑफिस मिक्सरशेजारून उठून आत गेलं, दार लागलं. इकडे स्वयंपाकघरात सौ.नी अडीच वर्षांनी मनसोक्त पाट्यावर चटणी वाटली. पहिल्या दिवशी तिला फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घर कसं सुनंसुनं वाटतंय नाही?"

चौथ्या दिवशी साडेचार वाजता सूनबाई लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसली, तिच्या जुन्या जागेवर. मी म्हटलं, "अगं, आत नेट नीट येत नाही का?"

"येतं ना बाबा. फारच नीट येतं. साहेब म्हणतात कॅमेरा चालू ठेवा. इथे रेंज कमी आहे म्हणून सांगता येतं." आणि तिने चहात खारी बुडवली.

ठाण्याचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. घोडबंदर रोडचं ते माहितीपत्रक अजून टीपॉयखाली आहे. मध्यंतरी मी ते चाळून बघितलं. 'प्रत्येक खोलीत डेटा पॉइंट' असं त्यात सोनेरी अक्षरांत छापलंय. चिरंजीव म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." तसं ते त्याच्या पुढच्या वर्षीही म्हणाले.

भिंतीतून निघालेली ती चौदा मीटर काळी केबल टाकून द्यायला माझा जीव होईना. सौ.चाही झाला नाही. तिने तिची बाल्कनीत दोरी बांधली. गंजत नाही, झोळ पडत नाही, चादरीचं ओझं सहज पेलते. टेलिफोनवाल्यांना हा तारेचा अपमान वाटतो; ते बाल्कनीकडे पाठ करून बसतात. परवा पाच तारखेला केबलवाला पैसे घ्यायला आला. पावती फाडता फाडता त्याची नजर बाल्कनीत गेली. उशीच्या अभ्र्यांमधून डोकावणाऱ्या काळ्या तारेकडे त्याने बराच वेळ बघितलं, मग पेन कानामागून पुन्हा काढलं आणि विचारलं, "काका, हा पाचवा पॉइंट कधी घेतलात?"